प्राथमिक शाळेतील वार्ता आणि समारंभ : रोजमेळातून दिसलेला इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या प्राथमिक शाळेतील वार्ता व समारंभ या विषयावर इतिहासपर लेख लिहावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा मी आधी नकारच दिला. माझे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. लेखन म्हणजे खतावणी आणि फार तर व्यापाऱ्यांना धाडलेली वसुलीची पत्रे. परंतु मंडळाचे म्हणणे असे पडले की, ट्रस्टच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या उलगडून वाचू शकेल असा माणूस हवा आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीचा असा उपयोग होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

मग उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या कार्यालयात बसून मी तीन प्रकारची दप्तरे पाहिली. सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, रोजमेळ आणि शाळेचे जनरल रजिस्टर. त्यांत जे दिसले ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. शाळेतला समारंभ ही गोष्ट आपल्या ट्रस्टपेक्षाच काय, सरकारी शिक्षणखात्यापेक्षाही जुनी आहे.

आमच्या आजोबांची पिढी एखाद्या कामाच्या आरंभाला "ओनामा" म्हणत असे. पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम बसले की धूळपाटीवर त्याच्याकडून "ओनामासीधं" गिरवून घेत. हे "ॐ नमः सिद्धम्" या मंगलवचनाचे मुलांच्या तोंडी झालेले रूप होय. सिद्ध हे आपल्या पंचपरमेष्ठींपैकी एक असल्यामुळे काही अभ्यासक या प्रघाताचा संबंध जैन विद्यापरंपरेशी जोडतात, आणि आपल्या व्याख्यानांतून हे अभिमानाने सांगितलेही जाते. मात्र नाशिकच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांच्या आरंभीही "सिद्धं" हा शब्द कोरलेला आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. अभिमान असावा, पण माप पुरते घेऊन असावा.

त्या काळी मुलाला शाळेत घालणे हाच एक समारंभ होता. चांगला दिवस पाहून सरस्वतीपूजन व्हायचे, पंतोजींना शिधा मिळायचा, आणि बरोबरीच्या मुलांना गूळ-खोबरे वाटले जायचे. दसऱ्याला पाटीपूजन होई. अमावास्या-प्रतिपदेला अनध्याय. मास्तरांचा पगार रोख कमी आणि धान्यात अधिक असल्यामुळे सणवार हे त्यांच्या उत्पन्नाचेही दिवस असत. यात नावे मात्र कोठेच लिहिलेली सापडत नाहीत. पंतोजींच्या शाळेला हजेरीपट नव्हता.

इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शाळेच्या समारंभाचे रूप बदलले. तो आता जाहीर परीक्षा आणि बक्षीस समारंभ असा झाला. गावातील प्रतिष्ठित मंडळी आणि एखादा साहेब यांच्यासमोर मुलांना उभे करून प्रश्न विचारावयाचे आणि मग पुस्तके वाटावयाची. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्याबद्दल १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. ही वार्ता आज प्रत्येक शालेय पुस्तकात आहे.

परंतु मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच वार्ता. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली "ज्ञानोदय" पत्रात प्रसिद्ध झाला. त्या सुमारास पुण्यातल्या शाळांत किती साहेब आले, किती शाली पांघरल्या गेल्या, याची मोजदाद कोणी ठेवली असेल वा नसेल. पण एका शाळकरी मुलीचे नाव तिच्या लेखासकट छापले गेले, म्हणून एकशे सत्तर वर्षांनंतर माझ्यासारखा दुकानदारही ते घेऊ शकतो. छापलेल्या नावाची किंमत काय असते, ते येथे कळते.

१८६१ साली "मराठी शालापत्रक" हे मासिक निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर काही वर्षे त्याचे संपादक होते. शाळा हा छापण्याजोगा विषय आहे, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली म्हणावयास हरकत नाही. आपल्या समाजातही सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात "जैन बोधक" सुरू केले. पुढे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची पत्रे निघाली. पाठशाळांच्या परीक्षा, बोर्डिंगांची उद्घाटने, शिष्यवृत्त्या, देणग्या यांच्या बातम्या समाजापर्यंत पोहोचविण्याचे काम या पत्रांनी केले. मुंबईच्या श्राविकाश्रमाच्या मगनबाई आणि त्यांच्या सहकारी सोलापूरच्या कंकुबाई यांनी मुली-विधवांच्या शिक्षणासाठी कष्ट केले. सोलापूरच्या श्राविकाश्रमाशी पंडिता सुमतीबाई शहा यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. ही सर्व नावे आपण आदराने घेतो. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींची नावे कोणाला माहीत आहेत?

सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तो मी लांबवीत नाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही थट्टेची रक्कम नव्हती. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने मुंबई इलाख्यातील शाळा स्थानिक मंडळांकडे आल्या. आपल्याच समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. महात्माजी आले, त्या दिवसाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला कुतूहल आहे ते त्या दिवशी पंक्तीत वाढायला कोणती मुले होती याचे.

आमचा जिल्हा सोलापूर. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाले. मार्शल लॉच्या दिवसांत डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिपाई ती हिसकावून घेत, असे आमचे आजोबा सांगत. दुकानातील टोप्यांची थप्पी त्यांनी पोत्याखाली लपवली होती. म्हणून १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी नगरपालिकेच्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या डोक्यावर पांढरी टोपी असावी, असा हट्ट त्यांनी धरला आणि आदल्या रात्री दोन शिंप्यांना बसवून त्या शिवून घेतल्या, अशी आमच्या घरातील आठवण आहे. त्याचा खर्च कोणाच्या नावे टाकला, ते आमच्या वहीत नाही. आजोबांच्या वहीत एरवी दोन आण्यांचाही हिशेब असे.

मी १९६६ साली नगरपालिकेच्या एक नंबरच्या शाळेत पहिलीत बसलो. शनिवारी सकाळची शाळा, श्रावणी सोमवारी अर्धी शाळा. प्रार्थनेनंतर एक मुलगा फळ्यावरच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवी. वरच्या ओळीत सुविचार, खाली पटसंख्या व हजेरी, त्याखाली दोन-तीन बातम्या. एक दिल्लीची असे, एक जिल्ह्याची, आणि एक शाळेची. शाळेच्या बातमीत कोणाच्या घरी बाळ झाले, कोणाचे आजोबा वारले, कोणी सापडलेली पेन्सिल परत केली, असे असे. आमच्या वर्गातील एका मुलाचे नाव पेन्सिलीसाठी फळ्यावर आले, तेव्हा त्याच्या वडिलांनी हमालीचे काम सोडून येऊन तो फळा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी फळा पुसला जाई. सानेगुरुजी अंमळनेरच्या वसतिगृहातील मुलांसाठी "छात्रालय" नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत, असे आमचे गुरुजी सांगत, आणि आमच्याकडूनही वर्षाकाठी एक हस्तलिखित करून घेत. ती हस्तलिखिते कपाटात होती. ते कपाट पुढे वाळवीने खाल्ले.

१९७२ चा दुष्काळ मी सातवीत असताना आला. त्या वर्षी स्नेहसंमेलन झाले नाही. शाळेत सुकडी वाटत, आणि पटावरची हजेरी कधी नव्हे इतकी भरली. खडी फोडायला जाणाऱ्या आईबापांची मुले धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन रांगेत उभी राहत. आम्हा व्यापाऱ्यांच्या मुलांना घरातून बजावले होते की, रांगेत उभे राहायचे नाही, ती दुसऱ्यांची आहे. आम्ही राहिलो नाही. पण वास येई, हे खोटे कशाला सांगू.

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. लेखाच्या विषयाशी तिचा संबंध आहे.

माझी थोरली बहीण त्याच शाळेत शिकली. १९६९ साली सातवीच्या परीक्षेत ती आमच्या केंद्रात पहिली आली. शाळेने तिला प्रजासत्ताक दिनी झेंड्याखाली बक्षीस दिले. महिन्याभराने समाजाच्या एका पत्रात बातमी छापून आली. अमुक गावचे कापडाचे व्यापारी श्रीमान अमुक यांच्या सुकन्येने सातवीच्या परीक्षेत प्रथम क्रमांक पटकाविला, त्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन. अण्णांनी ते कात्रण काचेच्या चौकटीत बसवून दुकानात गल्ल्याच्या वर लावले. गिऱ्हाइके वाचत आणि अण्णांचे अभिनंदन करीत. अक्काची शाळा त्याच वर्षी सुटली. हायस्कूलला जायला वेशीबाहेरचा रस्ता होता, आणि मुलीने तेवढे लांब कशाला जायचे, असे घरात ठरले. अठराव्या वर्षी तिचे लग्न झाले.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी अक्काला फोन केला आणि त्या कात्रणाची आठवण दिली. ती हसली. म्हणाली, "अरे, त्यात अण्णांचं नाव होतं, दुकानाचं होतं, गावाचं होतं. पहिली कोण आली ते कुठं होतं?" पंचावन्न वर्षांत ती हे प्रथमच बोलली. ते कात्रण माझ्या डोक्यावर चाळीस वर्षे टांगलेले होते, आणि मी रोज त्याच्याखाली बसून नोटा मोजत होतो. मला ते कधी दिसले नाही.

त्यानंतर मी ट्रस्टच्या वह्या पुन्हा पहिल्यापासून पाहावयास घेतल्या.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवी वर्षात, १९७४-७५ साली, देशभर आपल्या समाजात अनेक कार्ये उभी राहिली, आणि आपला ट्रस्टही त्याच वर्षीचा. त्या वर्षीच्या प्रभातफेरीसाठी लाल, पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या आणि निळसर काळ्या रंगाचे कापड आमच्या दुकानातून गेले. मी तेव्हा नववीत होतो, आणि पट्ट्या फाडून फाडून माझी बोटे रंगली होती. पांढऱ्यावर हिरवा उतरू नये म्हणून अण्णांनी कापड आधी मिठाच्या पाण्यातून काढायला लावले. फेरीत नगरपालिकेच्या शाळेची सर्व समाजांची मुले होती. ट्रस्टची स्वतःची शाळा १९७८ च्या जूनमध्ये सुरू झाली.

रोजमेळ खोटे बोलत नाही, असे आमच्या धंद्यात म्हणतात. समारंभांचा इतिहास मला इतिवृत्तापेक्षा रोजमेळात अधिक सापडला. १५ ऑगस्ट : चुना, सुतळी, पेढे. दसरा : झेंडूची फुले, उदबत्ती. स्नेहसंमेलन : मंडप, कर्णा, गॅसबत्त्या, आणि काही वर्षांनी गॅसबत्त्यांच्या जागी जनरेटर. महावीर जयंतीला साखर, गणराज्यदिनाला लेझमीच्या दुरुस्तीचे लोहाराला दिलेले पैसे. एका वर्षी "रंगमंचावर सांडलेला रंग काढणे, मजुरी" अशी नोंद आहे. त्या नोंदीमागे केवढा गोंधळ झाला असेल, याची कल्पना करीत मी बराच वेळ बसलो.

१९९३ ची पाने मात्र वेगळी आहेत. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, दशलक्षण पर्वाची सांगता झाली, आणि त्याच रात्री उत्तरार्धात, ३० तारखेच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याकडेही भांडी वाजली. दोन दिवसांनी शाळेत क्षमावणीचा कार्यक्रम ठरलेला होता. त्यासाठी आधीच घेतलेल्या खाऊची रक्कम वहीत आहे, पण पुढे तीवर रेघ मारून "भूकंपग्रस्तांकडे रवाना" असे लिहिले आहे. त्याखाली ट्रकभाडे, सुतळी, पोती. मुलांनी घरोघर फिरून कपडे गोळा केले होते. आमच्याही दुकानातून काही ठाण गेले. देणगीदारांच्या यादीत आमच्या पेढीचे नाव ठळक आहे. घरोघर कोण फिरले, याची यादी नाही. शाळेच्या इतिहासात मला सर्वांत मोठा वाटतो तो हा समारंभ, आणि तो इतिवृत्तात चार ओळींचा आहे.

एकंदरीत असे दिसते की, देणगीदाराची नोंद नेहमी पूर्ण आहे. त्यांचे नाव, वडिलांचे नाव, गाव, कोणाच्या स्मरणार्थ, किती, रोख की धनादेश. प्रमुख पाहुण्यांची तशीच. शाल व श्रीफळ यांचा खर्चही वेगळा दाखविला आहे. आणि मुले? रोजमेळात "बक्षिसे : पाट्या, कंपासपेट्या, नग" असे, आणि इतिवृत्तात वर्षानुवर्षे एकच वाक्य : "विद्यार्थ्यांनी विविध गुणदर्शनाचा बहारदार कार्यक्रम सादर केला." अध्यक्ष बदलले, शिक्षक निवृत्त झाले, कौलांच्या जागी स्लॅब आला, वाक्य तेच राहिले. १९९६ ते २००२ या वर्षांतील ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात आहे. तेव्हा मी सचिव होतो. त्या वाक्यात माझी स्वतःची मुलगीही एका वर्षी नाचली होती.

दरवर्षी ३ जानेवारीस सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त आपल्या शाळेतील मुली नऊवारी नेसून, कुंकू लावून येतात. छायाचित्रे निघतात. पूर्वी एका कार्यक्रमाची दोन छायाचित्रे निघत, आता दोनशे निघतात आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपच्या गटावर येतात. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला मुलांशिवाय झेंडा चढला. त्या काळात हाच मोबाईल उपयोगी पडला, हे मान्य केले पाहिजे. पण फोन बदलला की छायाचित्रे जातात, आणि ज्यांच्याकडे राहतात त्यांनाही दहा वर्षांनी कोण कोण होते हे सांगता येणार नाही. मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत चालले आहेत. माझी नातवंडेही तेथे नाहीत, म्हणून त्याविषयी अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु जे वर्ग उद्या कदाचित राहणार नाहीत, त्यांची नोंद तरी आज झाली पाहिजे.

जनरल रजिस्टर सुदैवाने शाबूत आहे. त्यात पहिल्या तुकडीपासून प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख व शाळा सोडल्याचे कारण आहे. कारणांच्या रकान्यात मुलांपुढे बहुधा "पुढील शिक्षणासाठी", आणि मुलींपुढे अनेकदा "घरकामासाठी" असे आहे. आपल्या ट्रस्टच्या शाळेत, १९८० नंतरही. संपादक मंडळाने हे वाक्य गाळावे की नाही यावर चर्चा केली, आणि ते ठेवले, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे.

समोरच्या पानावर १९७९ च्या पहिल्या बक्षीस समारंभाचे छायाचित्र छापले आहे. खुर्च्यांवर बसलेल्या सर्व मान्यवरांची नावे मूळ छायाचित्राखाली टंकलिखित होती, ती तशीच दिली आहेत. पुढे सतरंजीवर एकतीस मुले-मुली बसली आहेत. त्यांची नावे कोठेच नव्हती. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना घेऊन मी ते छायाचित्र तीन दुपारी पाहिले. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी भिंग लावून बावीस जणांना ओळखले, तेही घरच्या टोपणनावांनी, आणि मग आम्ही रजिस्टरातून पूर्ण नावे जुळविली. अक्काकडे छायाचित्र पाठविले, तर तिने सासरहून आणखी पाच सांगितली. त्यांच्या आया तिच्या वर्गातल्या होत्या. तीन मुलांविषयी नावे सुचली आहेत, खात्री व्हावयाची आहे.

प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक अंक छापला आहे. वाचकांनी कृपया पाहावे, आणि ओळख पटल्यास दुकानी किंवा शाळेच्या कार्यालयात कळवावे. घरी त्या वर्षांची आणखी छायाचित्रे असतील तर नक्कल करून लगेच परत देण्यात येतील. क्रमांक सात, दोन वेण्यांची, हातात नवी पाटी धरलेली मुलगी कोण, हे अद्याप कोणीही सांगू शकलेले नाही.